जुने भयपट बघायला घेताना

सुरुवात १९२२च्या 'नोस्फेराटू'ने नको. मूकपटाची लय अंगवळणी पडायला वेळ लागतो. पहिल्याच रात्री कंटाळा आला तर पुन्हा तिकडे वळणार नाहीस. आधी हिचकॉकचा 'सायको' बघ, १९६०चा. शेवट अजून कुणी फोडला नसेल तर नशीबच म्हणायचं! (सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा दंडकच तेव्हा थिएटरांना घातला होता.) न्हाणीघरातल्या त्या प्रसंगात सुरा अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. भराभर बदलणारे शॉट आणि संगीतकार बर्नार्ड हरमनची किंचाळणारी व्हायोलिन्स, एवढ्यावर सगळं पेललंय. म्हणून हेडफोन लावूनच बघ. मग १९४२चा 'कॅट पीपल'. बजेट तुटपुंजं, त्यामुळे बरंचसं सावल्यांवर भागवलंय. मला तर तेच जास्त भिववतं. रिमेक मात्र नंतर.