पॅकेज चौदाचं, हातात किती? कोकणातल्या कोडरांची प्रश्नोत्तरं

गणपतीत मुंबई-पुण्याची पोरं गावी आली की जेवणं आटपल्यावर पडवीत लॅपटॉपवाल्यांचं कोंडाळं बसतंच, आणि तिथले विषय ठरलेले असतात, कोणाला किती मिळतं, कोणाची कंपनी परत ऑफिसला बोलावतेय, कोण बाहेरचं काम गुपचूप करतोय. यावेळी आलेले प्रश्न पण तसलेच आहेत. नावं काढून टाकलीयत, गावं ठेवलीयत.

प्रश्न (कुडाळ): दादा, पुण्याच्या कंपनीत आहे, कोविडपासून घरूनच काम करतोय. आता म्हणतात ऑफिसला या, पॅकेज १४ लाख करतो. दुसरी एक छोटी कंपनी ११ लाख देतेय पण पूर्ण रिमोट. घरचे म्हणतात, चौदा सोडून अकरा घेणारा तू येडाच. काय करू?

आधी दोन्ही ऑफर लेटरमधलं ते शेवटचं ब्रेकअपचं पान उघड, जे कोणी वाचत नाही. समजा चौदातले २ लाख व्हेरिएबल आहेत, म्हणजे तुझं रेटिंग आणि कंपनीचा मूड दोन्ही जुळले तर येणारे. बेसिक ५ लाख धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के म्हणजे ६० हजार, तो त्याच चौदात मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे २४ हजार, तेही त्यातच, आणि ते मिळायला साधारण पाच वर्षं तिथे टिकायला लागतं. मग तुझ्या वाट्याचा पीएफ अजून ६० हजार, प्रोफेशनल टॅक्स २,५००. हे सगळं गेल्यावर महिन्याला हातात ८७-८८ हजार. आता अकरा घे, सगळे फिक्स, बेसिक ४ लाख, त्याच पद्धतीने वजा करत गेलास तर ८२ हजारांच्या आसपास येतात. म्हणजे कागदावरचा तीन लाखांचा फरक महिन्याला सहा हजारांवर आला! पीएफ तुझाच आहे, मान्य, पण पुण्यातला घरमालक पीएफमधून भाडं घेत नाही.

टॅक्सचं म्हणशील तर २०२५-२६ पासून नवीन रिजीममध्ये पगारदार माणसाला १२ लाख ७५ हजारांपर्यंत काही लागत नाही, त्यामुळे दोन्हीकडे शून्यच, फक्त चौदावाल्याचं व्हेरिएबल पूर्ण आलं तर तो रेषेच्या थोडा वर जाईल आणि थोडंफार कापलं जाईल. हे माझे धरलेले आकडे आहेत, तुझ्या पानावरचे टाकून परत कर, पण करच.

मी अकरा घेईन, पण एका अटीवर. रिमोट हा शब्द लेटरमध्ये हवा. एचआर फोनवर गोड बोलते ते धरायचं नाही, कामाचं ठिकाण म्हणून कुडाळ लिहून घ्यायचं. आणि लिंक्डइनवर त्या कंपनीतून सोडून गेलेला एखादा माणूस शोधून त्याला एवढंच विचार की पगार वेळेवर होतो का. छोट्या कंपनीत खरी भीती तीच असते. आणि घरच्यांना पॅकेज सांगूच नको रे, महिन्याचा आकडा सांग, त्यांना तोच कळतो.

प्रश्न (गुहागर): पावसात लाइट गेली की नेट जातं आणि मॅनेजरला वाटतं मी बहाणे करतेय. इन्व्हर्टर घेतलाय तरी दर दोन दिवसांनी हेच.

मॅनेजर बंगळूरचा असेल तर त्याला गुहागरचा जुलै समजावून सांगण्यात वेळ घालवू नकोस. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती, हे ज्याने बघितलं नाही त्याला कितीही सांगितलं तरी पटत नाही.

इन्व्हर्टरवर लाइट राहिली तरी नेट जातंय म्हणजे गोची बहुतेक तुझ्या घरात नाहीये, केबलवाल्याकडे आहे. फायबरच्या वायरीला स्वतःला वीज लागत नाही, पण ती जिथून येते तिथल्या स्विचला, म्हणजे नेट घराघरांत वाटणाऱ्या डब्याला, लागते, आणि त्याच्याकडे बॅकअप तासाभराचा असेल तर तासाभराने तू गेलीसच. त्याला सरळ विचार बॅटरी किती वेळ चालते, दोन-चार घरं मिळून विचारलंत तर तो बदलतोही. दुसरं कनेक्शन फायबरचं नको घेऊस, त्याच खांबावरून येणार आणि त्याच माडाखाली तुटणार. वेगळ्या कंपनीचं सिम घे आणि घरात कुठल्या खिडकीत रेंज येते ते कोरड्या दिवसात बघून ठेव. टॉवर पण बॅटरी-डिझेलवरच असतो म्हणा, म्हणजे ते काही तासांचंच.

राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, इन्व्हर्टर चालू होताना जो झटका बसून राउटर रीस्टार्ट होतो तो वाचतो. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घे, बरेच राउटर १२ व्होल्टचे असतात पण सगळे नाहीत. घर कातळावर असेल तर अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे, जांभ्यात ते नीट बसत नाही. विजा कडकडायला लागल्या की प्लग काढायचा, मग मीटिंग कोणाचीही असू दे.

आणि मॅनेजरचं, तर रोज संध्याकाळी चार ओळी लिहून टाक, आज काय झालं, काय अडलं, उद्या काय. कोड दिवसभरात दोन-तीनदा पुश कर, म्हणजे टीमला दिसेल असा सर्व्हरवर चढव, सगळा रात्रीसाठी ठेवू नकोस. एखादी दुपार गायब झालीस तरी काम समोर दिसत असतं, मग बहाण्याचा विषयच येत नाही.

प्रश्न (रत्नागिरी): नोकरी सोडून अमेरिकेतल्या क्लायंटचं काम घेतलंय, वर्षाला १८ लाखांच्या आसपास होतील. टॅक्स किती? मित्र म्हणतो डॉलरचे पैसे दाखवायचेच नसतात.

मित्राला सांग, पैसे बँकेतून आलेत, दाखवायचं काय उरलंय त्यात!

तुझ्यासाठी खरंतर गोष्टी बऱ्या आहेत. २०१६-१७ पासून प्रोफेशनल लोकांना अनुमानित टॅक्सची सोय आहे, सगळे तिला ४४एडीए म्हणतात. जेवढे पैसे आले त्यातले निम्मे उत्पन्न धरायचे, बाकीचे खर्चात गेले असं समजायचं, बिलांची फाइल ठेवायची कटकट नाही. मर्यादा ५० लाख, आणि रोखीने ५ टक्क्यांपेक्षा जास्त येत नसेल तर ७५ लाख. म्हणजे १८ लाखांवर ९ लाख उत्पन्न, आणि नवीन रिजीममध्ये १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य, त्यामुळे दुसरं काही उत्पन्न नसेल तर तुझा टॅक्स शून्यच निघतो. ही सगळी सोय कायद्यात राहून मिळतेय तर लपवाछपवी कशाला? १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा आलाय, त्यात कलमांचे नंबर बदललेत, तर सीएकडे जाशील तेव्हा नंबरावरून हुज्जत घालू नकोस. टॅक्स बसणार असेल तर या सोयीत अ‍ॅडव्हान्स टॅक्स एकदाच, १५ मार्चच्या आत.

जीएसटीकडे मात्र लक्ष ठेव. सर्व्हिसला मर्यादा २० लाखांची आहे आणि परदेशातून आलेले पैसेही त्यात मोजतात, तू अठरावर आहेस, डॉलर थोडा वर गेला किंवा अजून एक क्लायंट लागला की ओलांडलीस. ओलांडली तर घाबरायचं नाही, नोंदणी कर आणि दर आर्थिक वर्षाला पोर्टलवर एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भर, एक्सपोर्टवर जीएसटी न भरता बिल करता येतं. दर पेमेंटचं एफआयआरए, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचं बँकेचं सर्टिफिकेट, डाउनलोड करून ठेव, हे लोक हमखास विसरतात आणि मग दोन वर्षांनी बँकेच्या मागे फिरतात. क्लायंट डब्ल्यू-८बेन फॉर्म मागेल तो भरून दे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तू अमेरिकन नाहीस एवढंच त्यात सांगायचंय.

पेमेंट कुठून घ्यायचं हे ठरवताना नुसती फी बघू नकोस, खरी कात्री एक्स्चेंज रेटमध्ये लागते. त्याच दिवसाचे हजार डॉलर दोन-तीन ठिकाणी टाकून शेवटी खात्यात रुपये किती पडतात ते बघ. अजून एक, नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचं घड्याळ मागे जातं, न्यूयॉर्कवाल्यांची सकाळी ९ ची मीटिंग आपल्याकडे साडेसहाची साडेसात होते. नाटक किंवा दशावतार बघायला जायचं असेल तर आधी बघून घे.

प्रश्न (सावंतवाडी): नोकरी करून रात्री दुसऱ्या कंपनीचं काम केलं तर कळतं का त्यांना?

कळतं. दोन्हीकडे पगारावर असशील तर पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर, एकच, त्यात दोन नावं दिसतात. २०२२ मध्ये विप्रोने असंच दुसरीकडे काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं होतं, तेव्हा पेपरात सगळीकडे आलेलं. फ्रीलान्स म्हणून केलंस तर पीएफमध्ये दिसणार नाही, पण अपॉइंटमेंट लेटरमध्ये बंदी असेल तर ती बंदीच. ते लेटर काढून वाच, परवानगीची सोय असेल तर मेलवर माग. कंपनीच्या लॅपटॉपवर तर बाहेरचं एक अक्षरही नको, लिहिलेल्या कोडवर उद्या तेच हक्क सांगतील.

प्रश्न (चिपळूण): मुलगा इंजिनिअर झालाय. एका ठिकाणी दोन वर्षांचा बाँड मागतात, दुसरीकडे २५ हजार डिपॉझिट भरलं की वर्क फ्रॉम होम देतो म्हणतात. कुठे पाठवू?

काका, दुसरीकडचं विसरा. नोकरी देणारा पैसे मागत नाही, जो मागतो तो नोकरी देत नाही, मग तो लेटरहेड कितीही चकचकीत दाखवू दे. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा टेलिग्रामवर आलेलं असेल तर मुलाला आधी उत्तर देणं बंद करायला सांगा. कोणी ओळखीचं पैसे भरून बसलं असेल तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.

बाँडचं जरा वेगळं. 'आमच्याकडून सोडल्यावर दुसरीकडे जायचं नाही' असली अट करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. पण 'दोन वर्षांच्या आत सोडलंस तर एवढे पैसे दे' हे टिकू शकतं, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा २ लाखांचा असा बाँड योग्य ठरवलाय. तर रक्कम वाचा, ती पगाराच्या आणि ट्रेनिंगच्या मानाने वाजवी आहे का बघा. ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतो म्हणाले तर सरळ उठून या. बाकी पहिल्या नोकरीत काम शिकायला मिळणार असेल तर दोन वर्षं काही फार नाहीत, उलट हल्ली साधा कोड एआय लिहून देतोय तेव्हा कोणीतरी सीनिअर शेजारी बसून चुका दाखवणारा असणं हेच महाग झालंय.

प्रश्न (मालवण): रोज एक्सवर कोणीतरी २५ वर्षांचा ६० लाखांचा स्क्रीनशॉट टाकतो, आणि मी इथे ९ लाखांवर. डोक्यात जातं.

जाणारच. पण ९ लाखवाला स्क्रीनशॉट टाकत नाही, म्हणून तुला ते दिसत नाहीत एवढंच. आणि त्या साठातले शेअर किती, ते कधी विकता येणार, कोणत्या देशातले, हे सगळं क्रॉप केलेलं असतं. म्यूट कर. एवढंच खुपत असेल तर वर्षातून एकदा दोन इंटरव्ह्यू देऊन ये, आपला भाव तिथे कळतो.

प्रश्न (देवगड): चुलतभावाची हापूसची बाग आहे. ऑनलाइन विकायला वेबसाइट करून दे म्हणतो, पैशाचं बोलत नाही. मी पण कसं बोलू?

हा प्रश्न वर्षातून पन्नास जणांना पडत असेल. पैसे नको घेऊस हवं तर, पण डोमेन, होस्टिंग त्याच्या नावावर आणि त्याच्याच कार्डवर घे. तुझ्या कार्डवर राहिलं तर तिसऱ्या वर्षी ऐन एप्रिलमध्ये रिन्यूअल चुकतं, साइट बंद, आणि वाडीभर तुझं नाव होतं. पेमेंट गेटवेचं खातं पण त्याचंच, त्याच्या केवायसीवर.

आणि खरं सांगू, त्याला वेबसाइट नकोच आहे बहुतेक. सीझन अडीच-तीन महिन्यांचा, गिऱ्हाईक ओळखीतलं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग, यूपीआयचा क्यूआर आणि ऑर्डर लिहायला एक गूगल शीट, एका रविवारी होतं. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, त्याने वापरकर्ता म्हणून नोंदणी केली नसेल तर तो अर्ज भरून द्यायला मदत कर, खोट्या देवगडच्या पेट्या विकणाऱ्यांपुढे त्याला त्याचा वेबसाइटपेक्षा जास्त फायदा आहे. एवढं करून पुढच्या सीझनला शीटमध्ये ऑर्डरी मावेनाशा झाल्या तर तो स्वतःच पैशाचं बोलेल, तेव्हा संकोचू नकोस, निम्मे आगाऊ घे.