बागायतदारांच्या ॲपची प्रसिद्धी सांभाळताना

आंबा बागायतदारांसाठी ॲप चालवणाऱ्या रत्नागिरीतल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रसिद्धीचे काम तुम्ही नव्यानेच हाती घेतले आहे, म्हणून आग्रहाने सांगतो की ‘क्रांतिकारी प्रणाली’ असे शब्द टाळा. त्याऐवजी आंब्याच्या पेटीवरचा क्यूआर कोड स्कॅन करताच पुण्यातल्या ग्राहकाला बागेचे गाव आणि तोडणीची तारीख कशी दिसते, ते ३० सेकंदांच्या व्हिडिओत दाखवा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावू देणारी कायदेशीर नोंद, मिळाले असल्याने अस्सलपणाची ही खूण वार्ताहरालाही बातमीजोगी वाटते. प्रसिद्धिपत्रक जानेवारीतच पाठवा, कारण एप्रिलमध्ये बागायतदाराला मान वर करायला सवड नसते.

व्हिडिओखाली आलेली तक्रारीची टिप्पणी कधीही पुसू नका. मी एकदा पुसली, तेव्हा तिचा स्क्रीनशॉट तासाभरात बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरला होता. तिच्याखालीच चूक मान्य करून दुरुस्तीची वेळ लिहा.