जीपमधलं इंजिन नेमकं कोणतं, आणि बदलायचं तर कोणतं बसवायचं

भाऊ, तुमचं म्हणणं असं: आर्वीकडची जुनी महिंद्रा जीप, फोर व्हील चालू, आरसीवर डिझेल. इंजिन कोणतं ते खात्रीनं कोणी सांगत नाही, ब्रीदरमधून (इंजिनातला वायू बाहेर सोडणारी नळी) धूर येतो, चढावर दम नाही, आणि मिस्त्री म्हणतो "डीआय बसवून घ्या", म्हणजे महिंद्राचं डायरेक्ट इंजेक्शन डिझेल इंजिन. बसवता येतं. पण सौदा करायच्या आधी इंजिनाचा स्ट्रोक (पिस्टन वर-खाली किती सरकतो ते अंतर) आणि मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्ट किती फिरतो) हे दोन आकडे हातात पाहिजेत.

इंजिन रंगावरून, टॅपेट कव्हरवरून किंवा पंपावरून ओळखू नका. इतक्या वर्षांत यातलं काय-काय बदललं असेल त्याचा नेम नाही. आधी आरसीवरचा सीसीचा रकाना वाचा. २१९९ म्हणजे जुनं हरिकेन पेट्रोल, २११२ म्हणजे प्यूजो एक्सडीपी, २३५० म्हणजे एमडी २३५०, २४९८ म्हणजे एक्सडी३पी आणि २५२३ म्हणजे डीआय. आरसीवर एक आणि बॉनेटखाली दुसरंच, हे आपल्याकडे नवल नाही, म्हणून हा नुसता अंदाज धरा. मग हीटर प्लग पहा, म्हणजे थंड इंजिन चालू करताना सिलिंडर तापवणारे प्लग. एमडी २३५० आणि प्यूजोच्या हेडमध्ये चार हीटर प्लग असतात, डीआयला ते लागत नाहीत.

पक्की ओळख हेड उतरल्यावरच होते. पिस्टन खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत किती सरकतो ते डेप्थ गेजनं मोजा. ८३ मि.मी. आलं तर एक्सडीपी, ९० आलं तर एक्सडी३पी. १०१.६ आलं तर एमडी २३५० किंवा डीआय, कारण दोघांचं कूळ एकच, इंटरनॅशनल ट्रॅक्टरचं. या दोघांतला फरक बोअरमध्ये (सिलिंडरचा आतला व्यास): एमडीचा ८५.७, डीआयचा ८८.९ मि.मी. शिवाय डीआयच्या पिस्टनच्या डोक्यात खोल वाटी असते. बोअर घासतो, ओव्हरसाइजही होतो, म्हणून एकट्या बोअरवर विसंबू नका. स्ट्रोक मात्र बोअरिंगनं बदलत नाही.

इंजिन खरंच गेलं का, हे हेड उतरवायच्या आधी तपासा. हीटर प्लगच्या भोकातून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. एखादंच कमी असेल तर त्यात चमचाभर, त्याहून जास्त नाही, इंजिन ऑइल टाकून पुन्हा घ्या. डिझेलमध्ये पिस्टनवर जागा फार थोडी असते. ऑइल जास्त झालं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आकडा चढला तर रिंगा-लायनर गेले, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. एमडी २३५० असेल आणि क्रँक चांगला असेल तर माझं मत स्पष्ट आहे: लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग टाकून तेच उभं करा, नोझल आणि पंप टेस्ट बेंचवर तपासून घ्या. कापूस आणि खताच्या पोत्यांसाठी ते पुरतं, शिवाय कागदाची कटकट नाही.

तरी डीआयच टाकायचं असेल तर आता अ‍ॅक्सल. गाडी न्यूट्रल करा, मागचं एकच चाक जॅकवर घ्या, बाकीच्यांना ओट लावा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्ट किती फिरला ते खडूच्या खुणेवर मोजा. तो आकडा म्हणजेच रेशो. जवळपास साडेपाच आला तर ५.३८, पाचच्या थोडं आत ४.८८, सव्वाचार ४.२७. डीआयचा जोर खालच्या आरपीएमला आहे. ३,००० च्या वर ताणण्यात अर्थ नाही. ६.००-१६ चा टायर एका फेऱ्यात साधारण २.२५ मीटर जातो. त्या हिशेबानं टॉप गिअर डायरेक्ट (१:१) असेल तर ३,००० आरपीएमला ५.३८ वर सुमारे ७५, ४.८८ वर ८३ आणि ४.२७ वर ९५ किमी वेग मिळतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून गाडी काढायची असेल तर ५.३८ सोन्यासारखा, पण त्याच गाडीनं दर आठवड्याला नागपूर करायचं असेल तर इंजिन सारखं ओरडत राहील. रेशो बदलायचा ठरलं तर पुढचा-मागचा दोन्ही एकसारखे बदला. एकच बदलून फोर व्हील लावलं की कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केस, नाहीतर शाफ्टचा क्रॉस (जोड) तुटतो.

नुसतं इंजिन घेऊ नका. हौजिंग (इंजिन-गिअरबॉक्समधलं कवच), फ्लायव्हील, क्लच, गिअरबॉक्स, सेल्फ, फाउंडेशन (इंजिन टेकवायचे रबरी पाय) असा एकाच गाडीतून उतरलेला सेट घ्या. भंगारात जास्त मिळतात ते टू व्हील ड्राइव्ह कमांडरचे सेट. त्यांच्या गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर तुमचा ट्रान्सफर केस बसत नाही, आणि हे बहुतेकांना पैसे दिल्यावर कळतं. लेथवर अडॅप्टर प्लेट करून जोडलं तर हौजिंगचं मधलं भोक क्रँकशी एककेंद्री आहे का ते फ्लायव्हीलवर डायल गेज लावून पहा. एकूण फरक ०.२ मि.मी.च्या वर गेला तर पायलट बुश (क्रँकच्या टोकातला गिअरबॉक्स शाफ्टचा आधार) झिजतो, क्लच थरथरतो, गिअर निसटतो. मिस्त्री मग गिअरबॉक्स उघडत बसतो, दोष हौजिंगमध्येच राहतो.

इंजिन बोल्ट करण्याआधी नुसतं टेकवून पहा. पुढचा अ‍ॅक्सल पाट्यांवर (स्प्रिंगांवर) पूर्ण वर आला तरी ऑइल चेंबरला लागता कामा नये. पंखा आणि रेडिएटरमध्ये किमान २५ मि.मी. अंतर ठेवा, पंख्याला शराउड (भोवतालचं आवरण) हवंच. मे महिन्यातल्या ४५ अंशांत शेतातल्या संथ चालीवर वाऱ्याचा आधार नसतो, सगळा भार पंख्यावर. रेडिएटर जुनाच ठेवायचा असेल तर कोअर उघडून साफ करा. डीआयच्या अल्टरनेटरमागे व्हॅक्यूम पंप असतो. तुमच्या ब्रेकला बूस्टर नसला तरी त्याची ऑइल लाइन बंद करू नका, पंप जाम होतो. इंजिन ते चेसिस जाड अर्थ पट्टी लावा, नाहीतर सेल्फचा करंट क्लच-अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलांतून वाट शोधतो.

कॉमन रेल इंजिनाच्या (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं नवं डिझेल) नादी लागू नका. वायरिंग, ईसीयू आणि सेन्सर हे तालुक्याच्या गॅरेजचं काम नाही.

कागद: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची आधी परवानगी लागते आणि बदलल्यावर १४ दिवसांत आरसीसह कळवावं लागतं. वर्ध्याच्या कार्यालयात एमएच ३२ च्या कारकुनाला आधी विचारा, मगच अ‍ॅडव्हान्स द्या. विक्रेत्याकडून पक्की पावती आणि ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या आरसीची प्रत घ्या. इंजिन नंबर डिझेल आणि तारेच्या ब्रशनं साफ करा. ग्राइंडर अजिबात नको, घासलेला नंबर संशयात जातो. इंजिन गाडीत उतरवायच्या आधीच नंबरावर कागद ठेवून पेन्सिलनं छाप काढून ठेवा, बसवल्यावर तिथं हात पोचत नाही.