गच्चीवर जाळी की काच?

भाऊ, नागपुरात असाल तर माझं मत स्पष्ट आहे: जाळीचा व्हरांडा करा. काचेची खोली डिसेंबर-जानेवारीत सुखाची वाटते, पण मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की काचेतून आत आलेलं ऊन फरशी, खुर्च्या तापवतं आणि ती उष्णता आतच कोंडते. तिथे एसी लावला तरी बिलच वाढेल. कूलर चालवायचा म्हटलं तर हवा बाहेर जायला वाट हवी, म्हणजे काचा उघड्याच ठेवाव्या लागणार.

काच हवीच असेल तर दक्षिणेला घ्या. हिवाळ्यात सूर्य तिकडे कललेला असतो, ऊन खोलवर येतं. उन्हाळ्यात दुपारी तो जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे छज्जा पुरतो. पश्चिमेला मात्र काच अजिबात नको. चारनंतरचं तिरपं ऊन छज्ज्याला जुमानत नाही, तिकडे खसाची, म्हणजे वाळ्याची ताटीच बरी.

जाळी स्टीलचीच घ्या, 304 ग्रेडची, म्हणजे सहज न गंजणारी. फायबरची स्वस्त पडते, पण खारी कोपऱ्यातून कुरतडतात आणि तेवढ्या भोकातून डेंग्यूचा डास सहज आत येतो. दाराखालची फट ब्रशपट्टीने बंद करा, ती हमखास राहून जाते. फरशीला बाहेरच्या बाजूने उतार द्या, कारण पावसाची झड जाळीतून येणारच. आणि हो, फ्लॅटची बाल्कनी असेल तर सोसायटी व महापालिकेची परवानगी आधी विचारा, मग फॅब्रिकेटरला बोलवा.