फ्लॅटचे पैसे नायराच्या एफडीत ठेवू नका, मी ठेवून बसलो होतो

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला माझंच जुनं गणित आठवलं. मिस्टर लागोसला, अर्धा पगार डॉलरमध्ये इथल्या एनआरई खात्यात (परदेशी कमाई ठेवायचं एनआरआयचं रुपयातलं खातं) येतो आणि अर्धा तिथेच नायरामध्ये, म्हणजे नायजेरियाच्या चलनात मिळतो, उलव्याला फ्लॅट बुक केलाय, पझेशनला दीड वर्ष आहे, तोवर नायराचे पैसे तिथल्या बँकेत अठरा टक्क्यांनी एफडीत टाकायचे आणि शेवटी एकदम आणायचे. नायरा आता बऱ्यापैकी स्थिर आहे मग काय हरकत, असंच ना?

हरकत आहे. मी २०१३ ते २०१७ लागोसमध्येच इकेजाला एका प्लास्टिकच्या फॅक्टरीत अकाउंट्स बघायचो, ठाण्यात घोडबंदर रोडला फ्लॅट बुक केला होता, आणि अगदी हाच शहाणपणा केला होता. तेव्हा सरकारी रेट डॉलरला १९७ नायराच्या आसपास बांधून ठेवलेला. नायजेरियाला डॉलर मिळतात ते मुख्यतः कच्च्या तेलातून, आणि २०१४ च्या मध्याला शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल जानेवारी २०१६ मध्ये तीसच्या खाली आलं, म्हणजे देशात येणारे डॉलर आटले तरी रेट मात्र तोच. माझ्याकडे ४० लाख नायरा होते. मी रोज रात्री मोबाइलवर रेट बघायचो, १९७ ने भागायचो, वीस हजार डॉलर, ६७ च्या भावाने साडेतेरा लाख रुपये, आणि मस्त झोपायचो.

फक्त त्या रेटने डॉलर कुणी देत नव्हतं. बँकेत फॉर्म ए (बाहेर पैसे पाठवायला डॉलर मागायचा अर्ज) भरून दिला की दोन-दोन महिने "येतील, येतील", आणि रस्त्यावरच्या अबोकीकडे (पैसे बदलून देणाऱ्यांना तिथे सगळे अबोकीच म्हणतात) डॉलर साडेतीनशेला. २० जून २०१६ ला सेंट्रल बँकेने रेट बाजारावर सोडला, पहिल्याच दिवशी २८० च्या वर गेला. माझा नंबर लागेपर्यंत ३०५ झाला होता, हातात आले पावणेनऊ लाख. बिल्डरचा डिमांड लेटर मात्र रुपयात आणि वेळेवर, त्याला काय नायराशी घेणंदेणं.

लोक म्हणतात एका दिवसात पावणेपाच लाख बुडाले. मी तसं म्हणत नाही. ते आधीच गेले होते, अबोकी रोज सांगत होता, मीच मोबाइलवरचा आकडा खरा धरून चाललो होतो. ज्या रेटने डॉलर खरोखर तुमच्या इथल्या खात्यात पडतो तोच तुमचा रेट, बाकी सगळी बाजारात तुरी. म्हणून मिस्टरांना आधी एवढंच विचारा की या महिन्यात बँकेने किती रेटने आणि किती दिवसांत पैसे पाठवले. बँकेचा आणि बाहेरचा रेट जवळजवळ असेल तर बरं, तिथे फट वाढायला लागली की समजायचं काहीतरी शिजतंय. १४ जून २०२३ ला तेच झालं, ४६०-४७० ला धरून ठेवलेला रेट सोडला, बाहेर तेव्हा साडेसातशेच्या आसपास चाललंच होतं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये १५०० च्या पुढे. एक कोटी नायरा म्हणजे आधीच्या रेटने एकवीस हजार डॉलरच्या वर, नंतर साडेसहा हजार.

आता अठरा टक्के व्याज. भुरळ पडते, मलाही पडली होती. पण समजा ४६० चा ७५० झाला, तर तुमच्या पैशाची डॉलरमधली किंमत ३९ टक्के कमी होते, आणि ती भरून काढायला डॉलर १.६३ पट महाग झालाय म्हणून नायरा पण १.६३ पट व्हायला लागतात, म्हणजे अठरा टक्क्यांनी जवळपास तीन वर्षं. तुमच्याकडे दीडच आहे. आणि बँक अठरा टक्के प्रेमाने देत नाही हो, २०२४ मध्ये तिथली महागाई तीस टक्क्यांच्या वर होती आणि सेंट्रल बँकेचा स्वतःचा दर नोव्हेंबर २०२४ मध्ये २७.५ वर गेला होता. ते व्याज म्हणजे चलन पडण्याची भीती आधीच मोजून दिलेली असते. कदाचित दीड वर्ष काहीच होणार नाही, अठरा टक्के पुरते पदरात पडतील, तेव्हा मला खुशाल शिव्या घाला. पण पझेशनचे पैसे त्यावर लावायचे नाहीत, ते हौसेचे पैसे नाहीत.

कुणी म्हणेल तिथेच डॉलरचं डॉमिसिलरी खातं उघडा. नायरापेक्षा चांगलंच, पण डॉलर त्या देशाच्या बँकेत असतो हे विसरू नका. लेबनॉनचं बघा, १९९७ पासून डॉलरला १५०७.५ पाउंडचा रेट, बावीस वर्षं हलला नाही, लोकांना वाटलं दगडावरची रेघ. २०१९ च्या शेवटी बँकांनी दारं लावली तेव्हा ज्यांची खाती डॉलरमध्ये होती त्यांनाही डॉलर काढता येईनात, खात्यावर आकडा दिसतोय आणि हातात काही नाही. आणि हे असल्याच देशांत होतं असं नाक मुरडायचं कारण नाही, आपला रुपया १९६६ मध्ये डॉलरला ४.७६ चा साडेसात एका रात्रीत झाला आणि १९९१ च्या जुलैत तीन दिवसांत दोनदा खाली आणला. माझा मेहुणा दुबईला आहे, तो हसतो मला, पण त्याचा दिरहॅम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर आहे आणि मागे डॉलरचा साठा आहे, त्याचा नियम नायराला लावू नये.

हवाला मात्र नको. तिथे कुणा व्यापाऱ्याला नायरा द्यायचे आणि इथे तुर्भ्याला कुणीतरी रोख रुपये आणून देणार, रेट चांगला मिळतो, आमच्यातले बरेच करायचे. फेमामध्ये (आपला परकीय चलनाचा कायदा) बसत नाही, आणि उद्या फ्लॅटच्या पेमेंटला पैसे कुठून आले विचारलं तर दाखवायला कागद नाही.

मी तुमच्या जागी असतो तर तिथल्या तीन महिन्यांच्या खर्चापुरतेच नायरा ठेवले असते आणि उरलेले दर महिन्याला, मिळेल त्या रेटने, बँकेतून पाठवले असते. पुढच्या महिन्यात रेट सुधारेल म्हणून थांबायचं नाही, मी सात महिने थांबलो होतो. पगाराच्या स्लिपा आणि टॅक्स भरल्याचे कागद जपून ठेवा, पाठवताना लागतात. इथे आलेले पैसे एनआरईच्या रुपयातल्याच एफडीत टाका, कारण बिल्डरला रुपयेच द्यायचेत, आणि एनआरआय असेपर्यंत व्याजाला टॅक्स नाही. काँट्रॅक्ट रिन्यू व्हायला आलं असेल तर पगारवाढ मागण्याऐवजी डॉलरचा भाग वाढवून मागा.

एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती, ग्रॅच्युइटी आणि फायनल सेटलमेंट कुठल्या चलनात लिहिलंय ते काँट्रॅक्टमध्ये बघा. माझी नायरात होती. चार वर्षांची रक्कम, जॉइन झालो तेव्हाच्या हिशोबाने चांगली गाडी आली असती, सुटलो तेव्हा त्यात स्कूटी आली.

एफडी आधीच केली असेल तर मुदतीआधी मोडल्यावर किती व्याज कापतात ते विचारून इथे टाका, मग आकडे मांडून बघू मोडायची की नाही.