मज्जारज्जूच्या कापांत मोटर न्यूरॉन टिकत नसतील तर आधी पिल्लांचं वय पाहा

तुम्ही रॅटच्या 3 दिवसांच्या पिल्लांच्या मज्जारज्जूचे काप इन्सर्टवर (प्लेटच्या खणात बसणाऱ्या, तळाला सच्छिद्र मेंब्रेन असलेल्या कपात) वाढवताय. दुसऱ्या आठवड्यात एसएमआय-32 (मोटर न्यूरॉन ओळखायला वापरतात ती अँटिबॉडी) लावल्यावर व्हेंट्रल हॉर्नमध्ये, म्हणजे मज्जारज्जूच्या पोटाकडच्या भागात, मोठ्या पेशी, म्हणजे स्नायूंना हालचालीचा संदेश देणारे मोटर न्यूरॉन, जवळपास दिसत नाहीत, म्हणून सुट्या पेशींच्या कल्चरकडे वळावं का, असं विचारलंय. इतक्यात वळू नका.

काप घेताना प्रत्येक मोटर न्यूरॉनचा ॲक्सॉन, म्हणजे संदेश नेणारा लांब तंतू, तुटतोच. जन्मानंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांत ॲक्सॉन तुटला की या पेशी मोठ्या प्रमाणात मरतात, पुढे हा धोका बराच कमी होतो. म्हणून साधारण 8 दिवसांची पिल्लं घेतात. फार उशीरही चालत नाही, कारण प्रौढ मज्जारज्जूचे काप असे जगत नाहीत.

मग मीडियमची (पोषक द्रवाची) पातळी तपासा. सहा खणांच्या प्लेटमध्ये इन्सर्टखाली साधारण 1 मिली पुरतं. काप ओला चकचकीत दिसावा, पण त्यावर मीडियम चढता कामा नये. वरून हवा आणि खालून मीडियम मिळालं तरच 350 मायक्रॉनचा काप आतपर्यंत श्वास घेतो. मेंब्रेनखाली बुडबुडा अडकला तर तेवढा भाग उपाशी राहतो. पहिल्या आठवड्यात काप पसरून पातळ होतो, त्याला घाबरू नका. औषध मात्र काप स्थिरावल्यावरच, म्हणजे आठवड्याभरानंतर सुरू करा.

तुम्हाला ग्लुटामेटचा (चेतापेशींमध्ये संदेश नेणाऱ्या रसायनाचा) विषारी परिणाम पाहायचाय, तर कापाला पर्याय नाही असं माझं ठाम मत आहे. इथे ॲस्ट्रोसाइट (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) आपापल्या जागी असतात आणि ग्लुटामेट उचलण्याचं मुख्य काम त्यांचंच. 1993 साली जेफ्री रॉथस्टीन आणि सहकाऱ्यांनी अशाच कापांत थ्रिओ-हायड्रॉक्सिअस्पार्टेट या रसायनाने ही उचल रोखून धरली. मोटर न्यूरॉन एका फटक्यात नव्हे, हळूहळू काही आठवड्यांत मेले. ग्लुटामेट ज्यांवर बसतं त्या रिसेप्टरांपैकी एनएमडीए हा प्रकार सोडून इतर अडवल्यावर ते वाचले. एएलएसचा (मोटर न्यूरॉन हळूहळू मरत जाण्याच्या आजाराचा) विचार करणाऱ्याला ही संथ गतीच हवी असते. सुट्या पेशींत शेजारी आपापल्या जागी उरत नाहीत, तिथे हे कसं दिसणार?

मोजणीत कडक राहा. एकाच पिल्लाचे काप सगळ्या गटांत वाटा. व्हेंट्रल भागातल्या 25 मायक्रॉनहून मोठ्या पेशीच मोजा आणि मोजणाऱ्याला गट कळू देऊ नका. फाटलेले काप कोणत्या निकषावर वगळायचे, ते औषध घालण्याआधीच वहीत लिहून ठेवा.