निमंत्रण आलेल्या कार्डाचा हिशेब

या अंकासाठी आलेल्या अर्थविषयक पत्रांपैकी चार पत्रे योगायोगाने एकाच विषयाची निघाली. श्रीमंत ग्राहकांसाठी म्हणून बँका जी महागडी क्रेडिट कार्डे देतात, ती घ्यावीत का, वापरावीत कशी आणि नको झाली तर सोडावीत कशी, असे हे प्रश्न आहेत. म्हणून ती पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : स.न.वि.वि. वागळे इस्टेटमध्ये माझा यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा लहान कारखाना आहे. बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने घरी येऊन ‘फक्त निवडक ग्राहकांसाठी’ असे सांगत धातूच्या कार्डाचे निमंत्रण दिले. वार्षिक शुल्क ५०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. घरखर्च, विम्याचे हप्ते, पेट्रोल, मालमत्ता कर असा वर्षाला सुमारे १२ लाखांचा खर्च मी सध्याच्या साध्या कार्डावर करतो आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरतो. विमानप्रवास वर्षातून तीन-चार वेळा, बहुतेक देशातच होतो. हे कार्ड घ्यावे का?
— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांवरून माझे मत ‘घेऊ नये’ असे आहे. त्याची कारणे सविस्तर सांगतो, कारण उद्या दुसरी बँक दुसरे कार्ड घेऊन आली तरी हाच हिशेब आपल्याला मांडता येईल.

शुल्काचा आकडा आधी पूर्ण धरावा. ५०,००० वर १८ टक्के जीएसटी धरला की ५९,००० रुपये होतात, आणि ही रक्कम पहिल्याच बिलात लागते. आता मिळकतीची बाजू पाहू. आपला खर्च १२ लाखांचा असला तरी सगळ्या खर्चावर गुण, म्हणजे रिवॉर्ड पॉइंट, मिळत नाहीत. इंधन, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, घरभाडे आणि सरकारी देणी यांवर बहुतेक बँका गुण देत नाहीत किंवा फार कमी देतात. विम्याच्या हप्त्यांवर देतात, पण त्यालाही अनेकदा कमाल मर्यादा असते. हे सारे वगळता आपल्याकडे गुण मिळवणारा खर्च ६ लाखांचा उरतो असे समजू. दर १५० रुपयांना ५ गुण हा उच्च श्रेणीच्या कार्डांतला चांगला दर मानला जातो. त्या दराने वर्षाला २०,००० गुण होतात.

खरी मेख इथून पुढे आहे. गुणाची किंमत तो कुठे खर्च केला यावर ठरते. बँकेच्याच संकेतस्थळावरून विमानाचे तिकीट किंवा हॉटेल घेतले, तर चांगल्या कार्डाचा एक गुण एक रुपयाचा धरला जातो. तोच गुण बिलातून वळता करून घेतला, तर ३० पैशांच्या आसपास मिळतात. म्हणजे तेच २०,००० गुण एका मार्गाने २०,००० रुपयांचे आणि दुसऱ्या मार्गाने ६,००० रुपयांचे ठरतात. दोन्ही रकमा ५९,००० पासून बऱ्याच दूर आहेत.

उरलेली दरी भेटी आणि सवलती भरून काढतील असे बँकेचे म्हणणे असते. त्या सवलतींचे मोल लावताना पत्रकावर छापलेली किंमत धरू नये. कार्ड नसते तर आपण त्याच गोष्टीसाठी खिशातून किती दिले असते, तेवढीच किंमत धरावी. पंचतारांकित हॉटेलातील मुक्कामाचे १५,००० रुपयांचे व्हाउचर मिळाले, पण एरवी आपण ५,००० रुपयांच्या खोलीत उतरत असाल, तर त्या व्हाउचरचे मोल आपल्यापुरते ५,००० च. विमानतळावरील लाउंजचेही तसेच. तीन-चार प्रवासांत नाश्ता आणि चहा-कॉफीवर आपण किती खर्च केला असता, हे सहज काढता येईल. शिवाय देशांतर्गत लाउंजची सोय आपल्या सध्याच्या कार्डावरही असण्याची शक्यता आहे, ते आधी तपासावे. गोल्फच्या मोफत फेऱ्या जवळजवळ प्रत्येक महागड्या कार्डाच्या पत्रकात असतात. खारघरला सिडकोचे गोल्फ मैदान आहे हे खरे, परंतु सवलत बँकेच्या यादीतील मैदानांपुरती असते, आणि मुळात आपण गोल्फ खेळता का, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. कॉन्सिअर्ज म्हणून जी फोनवरची दिमतीची सेवा असते, ती मोठ्या हॉटेलात टेबल राखून देईल, परदेशातल्या कार्यक्रमाची चौकशी करील. गडकरी रंगायतनमधल्या रविवारच्या प्रयोगाचे तिकीट मात्र आपण स्वतःच लवकर काढलेले बरे.

‘निवडक’ या शब्दाविषयीही थोडे सांगायला हवे. निमंत्रणावरच मिळणाऱ्या कार्डांचा बोलबाला १९९९ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसने आणलेल्या काळ्या सेंच्युरियन कार्डामुळे झाला आणि ते कार्ड भारतात २०१३ मध्ये आले. त्यानंतर धातूचे कार्ड आणि निमंत्रणाची भाषा हळूहळू खालच्या पायऱ्यांवरही आली. एचडीएफसी बँकेचे इन्फिनिया हे कार्डही निमंत्रणावरच दिले जाते. त्याचे वार्षिक शुल्क १२,५०० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १४,७५० रुपये, असे राहिलेले आहे. अशा श्रेणीतील कार्डांवर वर्षभरात ठरावीक खर्च झाला तर पुढील वर्षाचे शुल्क माफही होते. चढे शुल्क आणि अधिक लाभ यांचे गणित सरळ नसते, हे सांगण्यासाठी हा उल्लेख केला.

आज दिलेले लाभ उद्या तसेच राहतील याची हमी नसते, ही गोष्ट अशा कार्डांच्या बाबतीत सर्वांत कमी बोलली जाते. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला एक लाख रुपये खर्च केला की २५,००० जादा गुण मिळत असत आणि त्या एका लाभासाठी अनेकांनी ते घेतले होते. १ सप्टेंबर २०२३ पासून बँकेने तो लाभ बंद केला, वार्षिक शुल्क १०,००० वरून १२,५०० केले आणि शुल्कमाफीसाठी लागणारा खर्च १५ लाखांवरून २५ लाखांवर नेला. करारातील अटी बँकेला असे बदल करू देतात. आधी सूचना मिळते, तेवढेच. म्हणून गुण वर्षानुवर्षे साठवून ठेवू नयेत आणि पुढच्या तीन वर्षांचे लाभ मोजून आजचे शुल्क भरू नये.

आपण कारखानदार असल्यामुळे आणखी एक मोह संभवतो. खर्चाचे उद्दिष्ट गाठण्यासाठी कच्च्या मालाची खरेदी वैयक्तिक कार्डावर करावी, असे कोणी सुचवले असेल तर ते मानू नये. पुरवठादार कार्डाने पैसे घेताना अनेकदा दोन टक्के वर मागतो आणि तिथेच निम्म्याहून अधिक लाभ संपतो. वैयक्तिक कार्डाचा व्यावसायिक वापर अटींत बसत नाही, आणि तो आढळल्यास बँक गुण रद्द करू शकते. शिवाय एका आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलांपोटी रोखीशिवाय अन्य मार्गाने १० लाख किंवा त्याहून अधिक रक्कम भरली गेली, तर बँक ती माहिती प्राप्तिकर खात्याला कळवते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, आपला सध्याचा खर्चही त्या मर्यादेच्या वर आहेच. परंतु कारखान्याचा आणि घरचा खर्च एकाच कार्डावर मिसळला असेल, तर विवरणपत्रातील उत्पन्नाशी त्याचा मेळ घालून दाखवताना आपल्या सीएची आणि आपलीही दमछाक होईल.

ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरील बहुतेक घाऊक दुकानदार यूपीआयने पैसे घेतात, कार्डाचे यंत्र ठेवत नाहीत. यूपीआयला जोडता येते ते रुपे जाळ्यावरील क्रेडिट कार्ड. महागडी कार्डे बहुधा व्हिसा, मास्टरकार्ड, डायनर्स किंवा अमेरिकन एक्स्प्रेसची असतात. त्यामुळे रोजचा बराचसा खर्च त्या जड कार्डावर होणारच नाही.

वर्षातून चार-पाच परदेशवाऱ्या, त्याही कुटुंबासह, आणि चांगल्या हॉटेलांतील मुक्काम असा आपला शिरस्ता असता, तर माझे उत्तर वेगळे असते.

प्रश्न : आम्ही दोघेही डॉक्टर आहोत. आमच्याकडे एक उच्च श्रेणीचे कार्ड आहे. मे महिन्यात युरोपला जाणार आहोत. तिथे कार्ड वापरणे फायद्याचे की फॉरेक्स कार्ड? आणि कार्डाच्या खर्चावर टीसीएस लागतो असे ऐकले, ते खरे का?
— एक वाचक, वाशी, नवी मुंबई

उत्तर : महागड्या कार्डाचा सर्वांत स्पष्ट, मोजता येणारा लाभ परदेशातच होतो. परकीय चलनातील खर्चावर साधी कार्डे ३.५ टक्के अधिभार लावतात, आपल्या श्रेणीची अनेक कार्डे २ टक्के. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की दर अनुक्रमे ४.१३ आणि २.३६ टक्के होतात. पाच लाखांचा खर्च झाला, तर साध्या कार्डावर २०,६५० आणि आपल्या कार्डावर ११,८०० रुपये जातील; ८,८५० रुपये वाचतील, आणि गुण मिळतील ते निराळे. फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकीय चलन आधी भरून ठेवलेल्या कार्डावर, चलनाचा दर आधी ठरून जातो, ही त्याची जमेची बाजू; परंतु ते भरताना बँक जो दर लावते, त्यातच तिचे कमिशन असते, म्हणून त्या दिवशीच्या बाजारातील दराशी तो ताडून पाहावा. माझा सल्ला असा, की हॉटेल व मोठी खरेदी क्रेडिट कार्डावर करावी आणि थोडी रक्कम फॉरेक्स कार्डावर राखीव ठेवावी. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोकड मात्र काढू नये. त्यावर शुल्क लागतेच, शिवाय व्याज त्याच दिवसापासून सुरू होते.

दुकानातील यंत्र कधी कधी ‘रुपयांत भरणार की युरोत’ असे विचारते. आपल्या चलनातील आकडा ओळखीचा वाटतो म्हणून माणूस रुपये निवडतो आणि तिथेच फसतो, कारण रूपांतराचा दर तिथल्या कंपनीचा, चढा असतो, आणि अनेक भारतीय बँका अशा व्यवहारावर आपले शुल्कही लावतात. नेहमी युरोच निवडावेत.

टीसीएस, म्हणजे पैसे देतानाच वसूल केला जाणारा प्राप्तिकर, याविषयी : परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे व्यक्तींना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या योजनेत, आणण्याची अधिसूचना सरकारने मे २०२३ मध्ये काढली होती, परंतु २८ जून २०२३ रोजी अर्थ मंत्रालयाने ती पुढे ढकलल्याचे जाहीर केले. त्यामुळे असा खर्च त्या योजनेत मोजला जात नाही आणि त्यावर टीसीएस नाही. फॉरेक्स कार्डात भरलेली रक्कम आणि पर्यटन कंपनीकडून घेतलेली परदेश सहल यांना मात्र टीसीएसचे नियम लागू आहेत.

नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी वाहतूक २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली आहे. आपले उड्डाण तिथून असो वा मुंबईहून, त्या टर्मिनलमधील कोणते लाउंज आपले कार्ड स्वीकारते, हे बँकेच्या ॲपवर निघण्यापूर्वी पाहावे. सोबतच्या व्यक्तीचे शुल्क नंतर बिलात येते, याचीही कल्पना असू द्यावी.

प्रश्न : माझ्या यजमानांकडे महागडे कार्ड आहे आणि माझ्याकडे त्याचेच पुरवणी कार्ड. ते दर महिन्याला ‘किमान देय रक्कम’ भरतात, जवळजवळ दोन लाखांची बाकी पुढे ओढतात आणि ‘गुण तर मिळतातच ना’ असे म्हणतात. हे बरोबर आहे का?
— एक वाचिका, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : नाही. दोन लाखांच्या खरेदीवर, दर १५० रुपयांना ५ गुण या चांगल्या दराने आणि सगळ्या खरेदीवर गुण मिळाले असे धरले तरी, ६,६६६ गुण होतात. त्याच दोन लाखांवर महिना ३.५ टक्के दराने व्याज ७,००० रुपये, त्यावर जीएसटी १,२६० रुपये. म्हणजे गुणांची एकदाची पूर्ण कमाई पहिल्याच महिन्याच्या व्याजात संपते, आणि व्याज पुढेही चालू राहते. काही उच्च श्रेणीच्या कार्डांवर व्याजाचा दर महिन्याला दोन टक्क्यांच्या आसपास असतो. तरीही दुसऱ्या महिन्यात हीच गत होते. बाकी ठेवली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे आज आणलेल्या किराण्यावर आजपासून व्याज. कार्डावरील व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला आहे, त्यामुळे तोही आधार उरलेला नाही. मुदत ठेव मोडून किंवा कमी व्याजाचे वैयक्तिक कर्ज घेऊन ही बाकी एकदाच फेडावी, असे यजमानांना हिशेबाचा कागद समोर ठेवून सांगावे. आपल्या पुरवणी कार्डावरील खर्चाची जबाबदारीही मुख्य कार्डधारक म्हणून त्यांच्यावरच येते.

प्रश्न : बँकेने मला न विचारता साध्या कार्डाऐवजी वरच्या श्रेणीचे कार्ड पाठवले. मी ते वापरले नाही, तरी बिलात वार्षिक शुल्क लागले. फोन केला की कार्ड चालू ठेवण्यासाठी भेट-व्हाउचर देऊ करतात. काय करावे?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : व्हाउचर घेऊ नये, ते स्वीकारले तर कार्ड आपल्याला मान्य होते, असा अर्थ काढला जाऊ शकतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय नवे कार्ड देता येत नाही आणि आहे त्याची श्रेणीही वाढवता येत नाही. तसे करून शुल्क लावले, तर ते बँकेने परत करायचे असतेच, शिवाय त्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा असतो. ही गोष्ट फोनवर न बोलता ईमेलने, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि शुल्क लागल्याची तारीख देऊन लिहावी, आणि त्याच ईमेलमध्ये शुल्क परत मागून कार्ड बंद करण्याची विनंती करावी. जुन्या कार्डावर गुण शिल्लक असतील, तर ते आधी वापरून घ्यावेत.

काही देणे बाकी नसेल, तर विनंती मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे. त्यापुढे होणाऱ्या विलंबासाठी कार्ड बंद होईपर्यंत दररोज ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते. तिला वरील ईमेल आणि बिलाची प्रत जोडावी. धातूचे कार्ड कात्रीने कापले जात नाही, म्हणून ते कुठे जमा करायचे, हे बँकेकडून लेखी विचारून घ्यावे, आणि दोन महिन्यांनी आपल्या सिबिल अहवालात, म्हणजे कर्जे व कार्डांच्या नोंदींच्या अहवालात, ते खाते बंद दिसते का, तेही पाहावे.